मोटारसायकलची चाचणी : आठच्या आकड्यापलीकडे

तालुक्याच्या ठिकाणी परिवहन कार्यालयाचे शिबिर भरते त्या दिवशीचे दृश्य सर्वांच्या परिचयाचे आहे. सकाळपासूनच मैदानाच्या कडेला मोटारसायकलींची रांग लागते. कोणी डेअरीला दूध घालून तसाच आलेला असतो, कोणी महाविद्यालयाचा तास बुडवून. एखादी अंगणवाडी सेविका भावाला सोबत घेऊन आलेली असते. जमिनीवर चुन्याने आठचा मोठा आकडा आखलेला असतो. पाय न टेकविता त्यावरून एकदा फिरून आले की लायसन्स मिळाले, अशी उमेदवारांची समजूत असते. आणि स्पष्टच सांगावयाचे तर, मैदानाच्या दुसऱ्या कडेला तक्ता घेऊन उभ्या असणाऱ्यांचीही कित्येकदा तीच समजूत असते. मोटार वाहन निरीक्षक या नात्याने प्रस्तुत लेखकाने ही चाचणी अनेक वर्षे घेतली. सेवानिवृत्तीनंतर तिच्याविषयी चार गोष्टी शिक्षकांपुढे व पंचायत सदस्यांपुढे ठेवाव्यात असे वाटले, कारण गावातील मुलगा गाडी घेतली की प्रथम त्यांच्याकडेच विचारावयास येतो, आणि "शिबिराच्या दिवशी जा, होऊन जाईल" एवढेच उत्तर त्याला बहुधा मिळते.

तीस दिवस कशासाठी?

शासकीय भाषेत ज्याला अनुज्ञप्ती म्हणतात त्या लायसन्सची पहिली पायरी म्हणजे शिकाऊ अनुज्ञप्ती. मोटार वाहन अधिनियम, १९८८ व केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार ती सहा महिने वैध असते आणि ती मिळाल्यापासून किमान ३० दिवस झाल्याखेरीज पक्क्या अनुज्ञप्तीच्या चाचणीस बसता येत नाही. हे तीस दिवस म्हणजे कार्यालयीन दिरंगाई, असा सार्वत्रिक ग्रह आहे. वस्तुतः ती सरावाची मुदत आहे. या काळात गाडीवर पुढे व मागे पांढऱ्या पार्श्वभूमीवर तांबड्या रंगात 'एल' हे अक्षर असावयास हवे, सोबत पक्की अनुज्ञप्ती असलेला शिकविणारा हवा, आणि त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणासही मागे बसविण्यास मनाई आहे. प्रत्यक्षात शिकाऊ अनुज्ञप्ती खिशात आणि मागे दोन मित्र, असा हा महिना जातो. चाचणीच्या आदल्या दिवशी आठ काढण्याची आठवण होते.

आणखी एक गोष्ट येथेच सांगितलेली बरी. ज्या प्रकारच्या वाहनासाठी अर्ज, त्याच प्रकारच्या वाहनावर चाचणी, असा नियम आहे. गिअर नसलेली व गिअर असलेली मोटारसायकल हे कायद्याने दोन वेगळे वर्ग होत. सोपे जाते म्हणून बहिणीच्या बिनगिअरच्या स्कूटरवर चाचणी द्यावयाची आणि दुसऱ्या दिवसापासून गिअरची मोटारसायकल हाकावयाची, हा प्रकार सर्रास चालतो. अशा चालकाजवळ त्या मोटारसायकलपुरती अनुज्ञप्ती नाहीच. अपघात घडला तर विमा कंपनी त्रयस्थ व्यक्तीला दिलेली भरपाई वाहनमालकाकडून वसूल करून घेण्याची मागणी करू शकते. एकरभर जमीन विकावी लागेल एवढी ती रक्कम असू शकते.

आठचा आकडा

नियम १५ मध्ये चाचणीत काय पाहावयाचे याची यादी दिलेली आहे. त्या यादीत आठचा आकडा कोठेही नाही. वाहनावर सर्वसाधारण ताबा असला पाहिजे, हाताळणी आत्मविश्वासाची असली पाहिजे, गिअर बदलणे व ब्रेक लावणे धक्क्याविना झाले पाहिजे, असे नियम सांगतो. आणि हा ताबा थोड्या जागेत, थोड्या वेळात पारखण्याची सोय म्हणून आठचा आकडा रूढ झाला आहे.

बारा-बारा वर्षे गाडी चालविणारी माणसे या आकड्यावर पाय टेकतात, याचे अनेकांना नवल वाटते. त्यात नवल काही नाही. शाळेच्या क्रीडास्पर्धांत सर्वांत शेवटी पोहोचेल तो पहिला, अशी सायकलची शर्यत असते, ती आठवून पाहावी. दुचाकी वेगात असताना तिचा तोल बऱ्याच अंशी तिचा तीच सावरते. जरा कलली की पुढचे चाक त्याच बाजूला वळते आणि गाडी पुन्हा उभी होते. वेग चालण्याइतका उतरला की ही मदत जवळजवळ नाहीशी होते व सारे काम चालकाच्या हातांवर आणि नजरेवर येते. मोकळ्या रस्त्यावर ताशी साठ किलोमीटरने बारा वर्षे जाणाऱ्याने हे काम कधी केलेलेच नसते. बाजाराच्या दिवशी गर्दीतून, शाळा सुटताना मुलांमधून किंवा पुढे अचानक आडव्या आलेल्या शेळ्यांच्या कळपामधून मात्र त्याला हेच काम करावयाचे असते.

आठ काढण्याची रीत अवघड नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवावी. क्लच पूर्ण न सोडता, जेथे गाडी नुकती ओढ घेऊ लागते तेथे धरून ठेवावा. अॅक्सिलरेटर किंचित व स्थिर असावा. वेग कमी करावयाचा तर मागचा ब्रेक पायाने हलका दाबावा. हँडल वळलेले असताना पुढचा ब्रेक दाबला तर गाडी आतल्या बाजूला पडते, हे पक्के ध्यानात ठेवावे. सर्वांत महत्त्वाची गोष्ट नजरेची. बहुतेक उमेदवार पुढच्या चाकाखालची चुन्याची रेघ पाहत असतात. चाक कोठे आहे हे पाहण्यापेक्षा ते पुढे कोठे न्यावयाचे आहे तेथे, म्हणजे वळणाच्या पलीकडच्या टोकाकडे, मान वळवून पाहावे; हात आपोआप तिकडे जातात. सरावासाठी खळ्यावर किंवा मोकळ्या माळावर दोन विटा ठेवून त्यांच्याभोवती प्रथम ऐसपैस आणि मग हळूहळू आवळत आठ काढावा. एका अंगणवाडी सेविकेने असा आठवडाभर रोज अर्धा तास सराव केला होता. त्या दिवशीच्या रांगेत तिच्याइतका स्वच्छ आठ दुसऱ्या कोणाचा झाला नाही, आणि तिच्यापूर्वी तीन पैलवान गडी पाय टेकून गेले होते.

रस्त्यावरचा भाग

आठ झाला की उमेदवार अर्ज घेण्यासाठी हात पुढे करतो. खरी चाचणी येथून पुढे आहे. नियमातील यादीचा मोठा भाग रस्त्यावरील वर्तनाचा आहे: निघण्यापूर्वी, इशारा देण्यापूर्वी, दिशा बदलण्यापूर्वी व ओलांडून जाण्यापूर्वी आरशात पाहणे, हाताने किंवा दिव्याने स्पष्ट इशारा देणे, डावीकडे-उजवीकडे वळताना रस्त्यावर योग्य जागी असणे, पादचाऱ्यांच्या पट्ट्यापाशी योग्य रीतीने वागणे, संकटसमयी गाडी थांबविणे. मोटारसायकलच्या लहानशा आरशात मागचे सारे दिसत नाही. म्हणून इशारा द्यावा, आरसा पाहावा आणि मग क्षणभर मान वळवून उजव्या खांद्यावरून मागे पाहावे, असे आम्ही उमेदवारांस सांगत असू. आरसे काढून ठेवलेल्या गाड्या घेऊन येणारे उमेदवारही पुष्कळ असत; दारातून गाडी आत घेताना आरसे अडतात, हे त्यांचे कारण.

एका शिबिरातील गोष्ट सांगणे भाग आहे. सायंकाळ होत आली होती, रांगेत अजून वीसेक जण उभे होते. एका तरुणाने आठ सुरेख काढला. रस्त्यावर त्याला उजवीकडे वळून परत यावयास सांगितले, तेव्हा त्याने दिव्याचा इशारा दिला, परंतु मागे पाहिले नाही. ते माझ्या लक्षात आले होते. पुन्हा एकदा फेरी मारावयास सांगावे असे मनात आले; पण उजेड जात होता, आणि मी तक्त्यावर 'उत्तीर्ण' लिहिले. अपघातग्रस्त वाहनाच्या तपासणीचे कामही निरीक्षकाकडेच असते. काही महिन्यांनी पोलीस ठाण्याच्या आवारात मी एक मोटारसायकल तपासली. मुख्य रस्त्यावरून उजवीकडे गावाच्या जोडरस्त्याला वळताना तिला मागून येणाऱ्या ट्रकने धडक दिली होती. कागदपत्रांत चालकाचे नाव वाचले, तेव्हा तो सायंकाळचा तरुण डोळ्यांपुढे उभा राहिला. तो गेला होता. ब्रेक ठीक होते, टायर ठीक होते, उजवीकडचा दिवा लागत होता. 'वाहनात यांत्रिक दोष आढळला नाही' असा अहवाल मी दिला, आणि तो खराच होता.

केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरील होती. चालकाच्या आयुष्यात त्याचे चालविणे कोणी जाणकाराने उभे राहून पाहिले, असा प्रसंग बहुधा एकदाच येतो, तो या चाचणीचा. मध्यस्थाला पैसे देऊन ती टाळणारा आपल्या पैशाने नेमके तेच गमावतो, आणि घाईत उरकणारा निरीक्षक त्याला साथ देतो.

ब्रेकविषयी एक गैरसमज गावोगावी आढळतो. पुढचा ब्रेक लावला की गाडी उलटते, या भीतीने कित्येक जण केवळ मागचाच वापरतात. ब्रेक लागताच गाडीचा भार पुढे येतो, मागचे चाक हलके होऊन घसरू लागते आणि थांबविण्याचे बहुतेक काम पुढच्या चाकाला करावे लागते. गाडी सरळ असताना दोन्ही ब्रेक एकाच वेळी, दाब हळूहळू वाढवीत लावावेत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ घनसेंटिमीटरपर्यंतच्या नव्या दुचाकींस दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची योजना आणि त्यावरील गाड्यांस चाक जखडू न देणारी योजना सक्तीची झाली आहे, परंतु गावांत त्यापूर्वीच्या गाड्या अद्याप पुष्कळ आहेत. ताशी ४० किलोमीटर वेग म्हणजे सेकंदाला सुमारे ११ मीटर. मेंदूने ओळखून हातपाय हलेपर्यंतच तेवढे अंतर जाते. वेग दीडपट केला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर सव्वादोनपट होते. चाचणी रिकाम्या गाडीवर होते आणि दुसऱ्या दिवशी त्याच गाडीला दोन्ही बाजूंनी दुधाचे कॅन लागतात, हेही शिकविणाऱ्याने सांगावयास हवे.

शाळा व ग्रामपंचायत

पन्नास घनसेंटिमीटरपर्यंतच्या बिनगिअरच्या दुचाकीसाठी पालकांच्या संमतीने १६ वर्षे, अन्य सर्व मोटारसायकलींसाठी १८ वर्षे, ही वयाची अट आहे. दहावीच्या वर्गातील मुलगा वडिलांची गाडी घेऊन शाळेच्या फाटकापाशी उतरतो, तेव्हा शिक्षकाने पालकास बोलावून २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १९९-अ समजावून द्यावे. अल्पवयीन मुलाने वाहन चालवून गुन्हा केला तर पालक अथवा वाहनमालक दोषी मानला जातो. तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी १२ महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाची २५ वर्षे पूर्ण होईपर्यंत अनुज्ञप्ती मिळत नाही.

शिबिराची तारीख ग्रामपंचायतीच्या फलकावर आठ दिवस आधी लागली, गावाबाहेरच्या एखाद्या सपाट जागेवर सरावासाठी आठ आखून ठेवला आणि गावातील एखादा निवृत्त एस.टी. चालक रविवारी सकाळी तासभर तेथे उभा राहिला, तर यास खर्च जवळजवळ नाही. असे चालक पुष्कळ गावांत आहेत व त्यांना कोणी विचारलेले नसते.

अनुत्तीर्ण होण्याची लाज वाटण्याचे कारण नाही. सात दिवसांनंतर पुन्हा चाचणी देता येते. तीनदा अपयश आले तर मात्र शेवटच्या चाचणीपासून ६० दिवस थांबावे लागते. त्या तरुणाच्या अपघातानंतरच्या एका शिबिरात पन्नाशीच्या एका शेतकऱ्याला मी रस्त्यावरील फेरीत नापास केले. आठ त्यांनी काढला होता. मागे पाहिले नव्हते. "साहेब, तुमच्या जन्माआधीपासून फटफटी चालवतोय," असे म्हणून ते रागाने निघून गेले. पुढच्या शिबिराला ते रांगेत पहिले होते. उजवीकडे वळण्यापूर्वी त्यांनी इशारा दिला, आरशात पाहिले, मग मान पूर्ण वळवून मागे पाहिले, आणि मागून येणारी एस.टी. निघून जाईपर्यंत एक पाय टेकून थांबले. परत आल्यावर त्यांनी विचारले, "पाय टेकला, चालेल ना?"