वादळापूर्वीची बेगमी

ओडिशाच्या किनाऱ्यावरील एखाद्या शेतकरी कुटुंबाच्या घरी ऑक्टोबरच्या अखेरीस किती धान्य शिल्लक असते, हा प्रश्न वरकरणी किरकोळ वाटेल. परंतु संकटकाळाच्या बेगमीचा विचार तेथूनच सुरू करावा लागतो. बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचे हंगाम मुख्यतः दोन: पावसाळ्यापूर्वीचे एप्रिल-मे आणि पावसाळा सरतानाचे ऑक्टोबर-नोव्हेंबर. या भागातील मुख्य भातपीक नोव्हेंबर-डिसेंबरात कापले जाते. म्हणजे दुसऱ्या हंगामातील वादळ येते तेव्हा गेल्या सालचे धान्य कणगीच्या तळाशी गेलेले असते आणि नवे अद्याप शेतात उभे असते. 29 ऑक्टोबर 1999 रोजी पारादीपनजीक धडकलेल्या महावादळाने नेमकी हीच वेळ साधली. सरकारी गणनेनुसार त्यात 9,885 माणसे मृत्युमुखी पडली. अशा प्रसंगी जे वाचतात, त्यांच्यापैकी कोणाजवळ तांदूळ उरला असला तरी तो शिजविणार कशावर? सरपण भिजलेले असते आणि चूल पाण्याखाली.

म्हणून बेगमीचे अन्न अग्नीवाचून खाता येणारे हवे. या बाबतीत किनाऱ्यावरील लोकांचा जुना अनुभव आजही प्रमाण मानावा असा आहे. पोह्यांना ओडिया भाषेत ‘चुडा’ म्हणतात. भात भिजवून, भाजून मग कांडलेला असल्यामुळे पोहे एका अर्थी आधीच शिजलेले असतात आणि साध्या पाण्यात मऊ होतात. मुरमुरे, म्हणजे तेथील ‘मुढी’, तितकेच आवडीचे. परंतु ते जागा फार अडवितात व दमट हवेत लवकर सादळतात.

एका माणसास दिवसाला 300 ग्रॅम पोहे, 100 ग्रॅम फुटाणे, 100 ग्रॅम गूळ आणि 50 ग्रॅम भाजलेले शेंगदाणे दिल्यास 2,000 हून किंचित अधिक उष्मांक मिळतात. पाच माणसांच्या कुटुंबास सात दिवसांसाठी साडेदहा किलो पोहे, साडेतीन किलो फुटाणे, तितकाच गूळ व पावणेदोन किलो शेंगदाणे लागतील, शिवाय मीठ. सहा महिन्यांच्या आतील मुलास आईचे दूधच द्यावे आणि त्यासाठी आईचा वाटा वाढवावा. दूषित पाण्यात कालविलेली दुधाची भुकटी अशा वेळी उपासाहून घातक ठरू शकते.

सर्वांत जड जिन्नस पाण्याचा. माणशी तीन लिटर धरले तरी सात दिवसांचे 105 लिटर होतात. क्लोरीनच्या गोळीने पाण्यातील बहुतेक रोगजंतू मरतात, पण विहिरीत शिरलेला समुद्राचा खारेपणा जात नाही. तेव्हा वादळाचा इशारा मिळताच झाकणाची सर्व भांडी भरून घेणे हाच उपाय.

धान्याचा खरा शत्रू ओल. पोहे व फुटाणे उन्हात वाळवून, पूर्ण निवल्यावर घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात भरावेत. गुळाला पाणी सुटते, म्हणून तो निराळा ठेवावा. डबे माळ्यावर असावेत. मात्र लाटेत घरच जाण्याचा संभव असल्याने दोन दिवसांचा वाटा, सुमारे साडेपाच किलो, निवाऱ्याला जाताना उचलता येईल असा वेगळा बांधून ठेवणे बरे.

रोजंदारीवरील कुटुंबाला एवढा साठा एकदम घेणे परवडत नाही. जून ते सप्टेंबर रोज 100 ग्रॅम तांदूळ बाजूला काढल्यास बारा किलो जमतात, हे हिशेबाला सोपे आहे. पण टंचाईच्या त्या महिन्यांत ही मूठ बहुधा घरच्या बाईच्या ताटातूनच उणी होते, हे हिशेब मांडणाऱ्यांच्या ध्यानात क्वचित येते. अशा घरांसाठी गावाची सामाईक धान्यकोठी अधिक न्याय्य होय. सुगीत ज्याच्या घरी भरपूर धान्य येते, त्याने तिच्यात अधिक घालावे.

साठा जपून ठेवायचा तो विसरण्यासाठी नव्हे. शेंगदाणे खवट होतात, पोह्यांना वास येतो. सप्टेंबरच्या अखेरीस भरलेले डबे वादळ न आल्यास डिसेंबरात, नवे भात घरात आले की, रोजच्या न्याहारीला काढावेत आणि रिकामे झाल्यावर धुऊन, वाळवून मार्चअखेरीस पुन्हा भरावेत.