किरण विमानाची प्रतिकृती

(मोठी वस्तू लहान प्रमाणात कशी तयार करावी, हे या पाठात सांगितले आहे. त्याबरोबरच एका भारतीय जेट विमानाची आणि त्याच्या मराठी रचनाकाराची ओळख करून दिली आहे.)

पारोळ्याच्या आकाशातून जाणारे विमान आपण मान वर करून पाहतो. ते चिमणीएवढे दिसते आणि क्षणात नाहीसे होते. विमानाची रचना समजून घ्यायची असेल, तर आपल्या हातांनी त्याची प्रतिकृती करून पाहावी.

आपण 'किरण' या जेट विमानाची प्रतिकृती करू या. हे विमान बंगळूरच्या कारखान्यात तयार झाले. त्याचे रचनाकार डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूर जिल्ह्यातले. जर्मनीत उच्च शिक्षण घेऊन ते भारतात परतले. त्यांनी आधी 'एचटी-२' हे पंख्याचे प्रशिक्षण विमान तयार केले. ते १९५१ मध्ये उडाले. त्यात शिकणारा आणि शिकवणारा एकामागे एक बसत. किरणमध्ये दोघे शेजारी बसतात. शागिर्दाचा हात चुकला, तर उस्तादाला ते लगेच दिसते.

नव्या रचनेचे जे पहिले विमान बनवतात, त्याला नमुना-विमान म्हणतात. त्याची नीट परीक्षा झाल्यावरच पुढची विमाने बनवतात. किरणचे नमुना-विमान ४ सप्टेंबर १९६४ रोजी विंग कमांडर सुरंजन दास यांनी प्रथम उडवले.

आता कामाला लागू. किरणची लांबी सुमारे १०.६ मीटर आणि पंखांची रुंदी १०.७ मीटर आहे. नकाशात जसे प्रमाण असते, तसे येथेही ठरवावे लागते. आपण प्रमाण १ : ५० घेऊ. म्हणजे प्रतिकृतीची लांबी २१.२ सेंटिमीटर आणि रुंदी २१.४ सेंटिमीटर होईल. लक्षात ठेवा, येथे एक मिलिमीटर चुकला, तर खऱ्या विमानात पाच सेंटिमीटर चुकले!

प्रथम विमानाचे चित्र मापाने कागदावर काढा. सुताराकडून हलक्या, मऊ लाकडाचा तुकडा आणा. कानशीने घासून त्याला आकार द्या आणि पॉलिश पेपरने गुळगुळीत करा. दोघे शेजारी बसत असल्यामुळे पुढचा भाग रुंद ठेवा. दोन्ही बाजूंना हवा आत घेणारी तोंडे कोरा. पंख जाड पुठ्ठ्याचे करा. डावा आणि उजवा पंख वेगळे न कापता एकाच पट्टीत कापा आणि ती पट्टी पोटाखाली खाच करून बसवा. मग दोन्ही पंख सारखे राहतात. बैठकीवरील काचेसाठी पारदर्शक बाटलीचा गोलसर तुकडा वापरा. कापताना मोठ्यांची मदत घ्या.

सर्वांत अवघड काम म्हणजे पंख सरळ बसवणे. डिंक ओला असतानाच एक दोरा घ्या. एका पंखाच्या टोकापासून शेपटीच्या टोकापर्यंतचे अंतर मोजा. दुसऱ्या बाजूनेही मोजा. दोन्ही अंतरे सारखी आली, तरच पंख सरळ आहे. नाहीतर तो लगेच हलवून नीट करा. विमान चाकांवर उभे केल्यावर मागे कलत असेल, तर पुढच्या भागात लहान खिळे बसवून वजन वाढवा.

या कामाला बरेच दिवस लागतात. घाई केली, की काम बिघडते. रचनाकारही विमानाच्या लहान प्रतिकृतीवर वाऱ्याचा झोत सोडून तिची परीक्षा घेतात. कागदावरची चूक खोडरबराने जाते, लाकडावरची कानशीने जाते. आकाशातली चूक सुधारायला वेळ मिळेलच असे नाही. म्हणून ती जमिनीवरच शोधावी लागते.

वायुदलाचे अनेक वैमानिक किरणवर उडायला शिकले. 'सूर्यकिरण' पथकाने १९९६ ते २०११ या काळात याच विमानांतून आकाशात कसरती केल्या.

शब्दार्थ
प्रतिकृती – हुबेहूब नमुना
रचनाकार – आराखडा तयार करणारा
कानस – घासण्याचे लोखंडी हत्यार
पारदर्शक – ज्यातून आरपार दिसते असे

स्वाध्याय
१. नमुना-विमान म्हणजे काय?
२. किरणमधील बैठकीची रचना शिकणाऱ्याला कशी उपयोगी पडते?
३. पंख सरळ बसला आहे, हे कसे ओळखाल?
४. १ : १०० प्रमाण घेतल्यास प्रतिकृतीची लांबी किती होईल?