गाळात साठलेला काळ

जबलपूर व त्याच्या परिसरात गोंड राजवटीच्या काळापासून अनेक तलाव होते. राणीताल हा राणी दुर्गावतीच्या, तर आधारताल तिचा मंत्री आधारसिंह याच्या नावाशी परंपरेने जोडला जातो. यांपैकी काही तलाव बुजले, तर काहींच्या भोवती वस्ती दाटली. अशा तलावाच्या तळाशी दरवर्षी गाळाचा पातळ थर बसतो व पाण्यातून आलेले शिसे, क्रोमियम इत्यादी धातू त्यात अडकून राहतात. परंतु कोणता थर कोणत्या वर्षीचा, हे कळल्याखेरीज प्रदूषण केव्हा वाढले ते सांगता येत नाही.

या कामी निसर्गातील किरणोत्सर्ग उपयोगी पडतो. युरेनियमच्या क्षयमालिकेत रेडियमपासून रॅडॉन वायू निर्माण होतो. जमिनीतून हवेत गेलेल्या रॅडॉनपासून अखेर शिसे-२१० बनते आणि ते पावसाबरोबर खाली येऊन गाळात मिसळते. त्याचे अर्धायुष्य सुमारे २२ वर्षे आहे. गाळातील रेडियमपासून जागीच बनलेले शिसे-२१० प्रथम वजा करावे लागते. समजा, उरलेले प्रमाण २२ सेंटिमीटर खोलीवर पृष्ठभागाच्या निम्मे भरले. तर तो थर सुमारे २२ वर्षांपूर्वीचा होय व गाळ वर्षाला १ सेंटिमीटर साचतो असे ठरते. शंभर-दीडशे वर्षांपलीकडे ही मोजणी पोचत नाही. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एस. कृष्णस्वामी व देवेंद्र लाल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह १९७१ साली सरोवरांच्या गाळासाठी ही पद्धत वापरून दाखविली.

एकाच घड्याळावर मात्र विसंबू नये. अणुचाचण्यांतून वातावरणात पसरलेले सीझियम-१३७ हे दुसरे घड्याळ होय. त्याची धूळ १९६३ च्या सुमारास सर्वाधिक पडली. वरील तलावातून २०२० साली नमुना काढला असेल, तर सीझियमचे शिखर सुमारे ५७ सेंटिमीटरवर सापडावयास हवे. ते तेथे नसेल, तर गाळ उपसला गेला असेल, ढवळला गेला असेल किंवा साचण्याचा वेग बदलला असेल. अशा वेळी घाईने वर्ष सांगणे धोक्याचे असते.

नर्मदेवरील बरगी धरणाची गोष्ट निराळी आहे. त्याचा जलाशय १९९० च्या सुमारास भरला. तेव्हा त्याच्या गाळात १९६३ चे शिखर शोधणे व्यर्थ होय. तेथे सीझियम आढळल्यास ते मुख्यतः पाणलोट क्षेत्रातून धुपून आलेल्या वरच्या मातीचे समजावे.

थरांची वर्षे अशी पक्की झाली, म्हणजे खोलवरच्या जुन्या थरांतील धातूंचे प्रमाण मूळचे मानून वरच्या थरांतील वाढ मोजता येते. मूळचे किती व माणसाने भर घातलेले किती, हा निवाडा त्यावरच अवलंबून असतो.