टाळ्या कुणाला, मतं कुणाला?

प्रश्न : निवडणुकीची सभा आणि ऑर्केस्ट्रा यांत आता फरकच राहिला नाही. गाणी, नकला, फिल्मी डायलॉग, वर ड्रोन. निवडून आल्यावर काय करणार, हे कुणी बोलत नाही. हे पूर्वीही असंच होतं का? आणि अशा करमणुकीनं मतं खरोखर मिळतात का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : करमणूक जुनीच आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत शाहीर अमर शेख, अण्णाभाऊ साठे, द. ना. गव्हाणकर यांच्या पोवाड्यांनी सभा तापायच्या. आचार्य अत्र्यांच्या भाषणाला तर कित्येक जण निव्वळ हसायला जात. त्यांनी केलेली विरोधकांची टवाळी आजच्या नकलाकारांपेक्षा सभ्य होती, असं म्हणायचं धाडस मी करणार नाही! पण हसून झाल्यावर घरी नेण्यासारखी एक मागणी उरायची : मुंबईसह महाराष्ट्र. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ वरवर विरहाची छक्कड. त्यातली मैना कोण, हे गिरणगावातल्या श्रोत्याला समजावून सांगावं लागत नसे. 1957च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली आणि 1 मे 1960 रोजी राज्य झालं. तिथं गाणं मागणीच्या चाकरीला होतं.

आता मागणी बाजूला राहते आणि पुढारीच कार्यक्रम होतो. 18 ऑक्टोबर 2019ची शरद पवारांची साताऱ्याची सभा आठवा. पावसात भिजत बोलणारे पवार प्रत्येकाला आठवतील. ते बोलले काय? लोकसभेला उमेदवार निवडताना आपली चूक झाली, ती आता तुम्ही दुरुस्त करा, असं ते सांगत होते. एवढ्या ज्येष्ठ नेत्यानं भर सभेत चूक कबूल करणं ही खरी बातमी होती. मोबाइलवर मात्र पाऊसच फिरला.

याला नुसती लोकांची आवड जबाबदार नाही. 1996च्या कायदादुरुस्तीनं उमेदवारी मागे घेण्याची मुदत आणि मतदान यांतलं किमान अंतर 20 दिवसांवरून 14 दिवसांवर आलं. विधानसभेच्या एका मतदारसंघात आपल्याकडे सरासरी तीन लाखांवर मतदार आहेत. दोन आठवड्यांत उमेदवार किती उंबरे झिजवणार? मग अर्ध्या मिनिटाची क्लिप हे काम करते, आणि अर्ध्या मिनिटात पाणीपुरवठ्याची योजना सांगता येत नाही, टोमणा मारता येतो. शिवाय उमेदवाराला खर्चाची मर्यादा आहे, विधानसभेला 40 लाख. स्टार प्रचारकाचा प्रवासखर्च मात्र, नियम पाळले तर, त्याच्या हिशेबात धरत नाहीत. नट-नट्या हेलिकॉप्टरनं का उतरतात, ते यावरून कळेल.

जाहीरनाम्यांना कोण विचारतं, हे पक्षांनाही ठाऊक आहे. 2024च्या विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. भाजपचं संकल्पपत्र आणि महाविकास आघाडीचा ‘महाराष्ट्रनामा’ दोन्ही प्रसिद्ध झाले 10 नोव्हेंबरला. दहा दिवसांत कोण वाचणार आणि कोण जाब विचारणार?

आता मतांचं. 2019च्या लोकसभेला राज ठाकरे यांच्या ‘लाव रे तो व्हिडीओ’च्या सभांसाठी लोक टीव्हीसमोर ठाण मांडून बसत. त्यांच्या पक्षाचा एकही उमेदवार रिंगणात नव्हता. त्यांचा रोख भाजपवर होता, आणि भाजप-शिवसेना युतीनं 48पैकी 41 जागा जिंकल्या. 2022मध्ये शिवसेनेतल्या बंडाच्या वेळी गुवाहाटीहून ‘काय झाडी, काय डोंगार’ म्हणणारे सांगोल्याचे आमदार शहाजी पाटील घराघरांत पोचले. त्यांच्या बोलण्यावर गाणीसुद्धा निघाली. 2024ला सांगोल्यानं त्यांना घरी बसवून शेकापच्या बाबासाहेब देशमुखांना निवडलं. उलट, पावसातल्या त्या सभेनंतर साताऱ्याची लोकसभेची पोटनिवडणूक पवारांच्या पक्षानं जिंकली. तेव्हा हिशेब सरळ नाही. पण टाळ्या वाजवणारा माणूस मत देताना वेगळा विचार करू शकतो, एवढं नक्की. मतदाराला बावळट समजण्याची घाई, निदान तुम्ही-आम्ही, करू नये.

सभेला जरूर जा, हसाही. मात्र प्रत्येक उमेदवाराचं शपथपत्र निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतं. त्यात त्याच्यावरचे गुन्हे, मालमत्ता, कर्ज आणि शिक्षण लिहिलेलं असतं. पुढच्या खेपेला क्लिप पुढे पाठवण्याआधी तेवढं उघडून बघा.