फी भरण्याआधी डेमोला बस

पोरी, तू पाठवलेलं डेव्हऑप्स क्लासचं पत्रक वाचलं. डॉकर, जेन्किन्स, टेराफॉर्म, अँसिबल, कुबरनेटिस... चार महिन्यांत सव्वीस टूल्स! शिकवण्याच्या तासांना सव्वीसने भाग आणि मग ठरव.

लिनक्सला किती दिवस दिलेत, ते आधी विचार. 'दोन दिवसांत बेसिक' म्हणाले तर तिथून उठ. आमच्याकडे एका रात्री सर्व्हरची डिस्क भरली. ड्यूटीवरच्या नव्या मुलाने भलीमोठी लॉग फाइल उडवली, तरी डीएफ कमांड डिस्क शंभर टक्के भरलेलीच दाखवी. मुलगा हुशार, क्लासचं सर्टिफिकेटही होतं, पण घामाघूम झाला. फाइल पुसली तरी चालू प्रोसेसने ती उघडी धरलेली असते, तोवर जागा सुटत नाही. सर्व्हिस रीस्टार्ट केली, काम झालं. हे स्लाइडवर कळत नाही, हात घालावा लागतो.

म्हणून डेमोत सरांना एवढंच म्हण, 'मेमरीची मर्यादा कमी ठेवून एक पॉड मुद्दाम पाडून दाखवा.' एक्झिट कोड १३७ येईल. तो कुठून आला ते विचार. १२८ अधिक ९, आणि ९ म्हणजे किल सिग्नल, असं सांगून जो टर्मिनलवर शोध घेत बसतो, तो मास्तर धर. 'ते ॲडव्हान्स बॅचमध्ये' म्हणणारा सोड.

नोट्सही चाळ. कुबरनेटिसने १.२४ आवृत्तीत, २०२२ साली, डॉकरशी जोडणारा दुवा, डॉकरशिम, काढून टाकला. नोट्समध्ये तो अजून जिवंत असेल तर माल शिळा आहे.

लॅब कोणाच्या क्लाउड खात्यावर चालते? तुझ्या असेल तर पहिल्याच दिवशी बजेटचा अलर्ट लाव. एडब्ल्यूएसचा ईकेएस क्लस्टर नुसता उभा असला तरी तासाला दहा सेंट्स लागतात, वर मशीनचं भाडं वेगळं. सराव संपला की सगळं पाड, मगच जेवायला बस.

क्लासच्या सर्टिफिकेटला फ्रेम करण्यापलीकडे फारशी किंमत नाही. परीक्षा द्यायचीच तर कुबरनेटिसची सीकेए दे. दोन तास, पर्याय निवडायचे प्रश्न नाहीत, टर्मिनलवर काम करूनच दाखवायचं. त्यासाठी क्लास लागतोच असंही नाही.

आणि प्लेसमेंटचं. मागच्या बॅचमधल्या दोघांचे नंबर माग. पॅकेज नको विचारूस, सकाळी ऑफिसात गेल्यावर काय काम करतात ते विचार. काही ठिकाणी रेझ्युमेत तीन वर्षांचा खोटा अनुभव घालून देतात. त्याला अजिबात हो म्हणू नकोस. पुढे पडताळणीत पीएफची नोंद मागतात आणि तिथे सगळं उघडं पडतं. तुझी टेस्टिंगची चार वर्षं खरी आहेत, तीच वर ठेव. पाइपलाइनमधल्या टेस्ट का फुटतात, हे तुला त्या सरांपेक्षा जास्त ठाऊक असेल.

शनिवारी जाशील तेव्हा लॅपटॉप ने. चार्जरही.