रायफलचा ‘झिरो’ किती अंतरावर ठेवायचा? – गतीच्या समीकरणाचा एक पाठ



1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने 50 मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये 451.4 गुणांसह कांस्यपदक जिंकलं. 1952 साली खाशाबा जाधवांनी पदक मिळवलं, त्यानंतर महाराष्ट्राला वैयक्तिक ऑलिम्पिक पदकासाठी तब्बल 72 वर्षं थांबावं लागलं होतं. बालेवाडी तर पिंपरी-चिंचवडला लागूनच. त्यामुळे आपल्या भागातली मुलंही आता नेमबाजीबद्दल विचारू लागली आहेत. त्यातला एक प्रश्न विज्ञानाच्या तासाला घेण्यासारखा आहे: “रायफल झिरो करायची म्हणजे काय? आणि नळी आखूड असली तर झिरो बदलतो का?”

झिरो म्हणजे काय?

भोसरी-चाकणला सीएनसी किंवा व्हीएमसी मशीनवर काम करणाऱ्या पालकांना हे समजावून सांगायची गरजच नाही. जॉब बांधला की आधी झिरो घ्यायचा. टूल बदललं, त्याची लांबी बदलली, की ऑफसेट पुन्हा घ्यायचा. तसं केलं नाही तर मशीन कितीही भारी असलं तरी जॉब रिजेक्ट. रायफलचंही तेच. डोळा, मागची साईट आणि पुढची माशी यांतून जाणारी दृष्टिरेषा सरळ असते. छऱ्याचा मार्ग मात्र वक्र असतो. या दोन रेषा ज्या अंतरावर एकमेकींना छेदतात, ते झिरो अंतर.

वक्र का?

नववीच्या ‘गतीचे नियम’ या पाठातलं समीकरण फळ्यावर लिहा: s = ut + ½at². छर्रा आडवा सुटला तर खालच्या दिशेचा सुरुवातीचा वेग शून्य, म्हणून उरतं फक्त ½gt².

दहा मीटर एअर रायफलच्या छऱ्याचा वेग सेकंदाला सुमारे 170 मीटर धरू (हवेचा विरोध सोडून देऊ). दहा मीटर जायला वेळ लागतो 0.059 सेकंद. तेवढ्यात छर्रा सुमारे 17 मिलिमीटर खाली येतो.

मुलं म्हणतील, “एवढंच?” मग लक्ष्याचं माप सांगा. दहा गुणांचा ठिपका फक्त 0.5 मिलिमीटर व्यासाचा असतो आणि पुढचं प्रत्येक वर्तुळ त्रिज्येत 2.5 मिलिमीटरने वाढतं. आता 17 मिलिमीटर किती मोठे आहेत, ते मुलांचं मुलांनाच कळतं. 50 मीटरच्या .22 रायफलला वेग सेकंदाला सुमारे 325 मीटर धरला, तर गोळी जवळपास 12 सेंटिमीटर खाली येते.

म्हणून नळी दृष्टिरेषेच्या मानाने किंचित वर रोखलेली असते. गोळी “आपोआप वर उडते” हा समज इथेच काढून टाका.

रेषा दोनदा भेटतात

दृष्टिरेषा नळीच्या 30 मिलिमीटर वर आहे आणि रायफल 10 मीटरवर झिरो केली आहे असं धरा. मुलांकडून आकडेमोड करून घेतली की साधारण असं उत्तर येतं:

- 5 मीटरवर: 11 मिमी खाली
- 10 मीटरवर: बरोबर
- 15 मीटरवर: 2 मिमी वर
- 20 मीटरवर: 4 मिमी खाली

म्हणजे सतरा-अठरा मीटरच्या आसपास छर्रा दृष्टिरेषेला पुन्हा छेदतो. आलेखाच्या कागदावर हे बिंदू जोडून घ्या. वर्गात बंदूक आणायची काहीच गरज नाही.

यातूनच ‘कोणत्या अंतरावर?’ याचं उत्तर मिळतं. जिथे स्पर्धा, तिथेच झिरो. जागा नाही म्हणून 5 मीटरवर साईट जुळवली, तर 10 मीटरवर नेम हमखास चुकणार. पालकांनी हेही लक्षात घ्यावं की छरे मारण्याचा सराव प्रशिक्षकासमोर, रेंजवरच करायचा. घरी पवित्रा, श्वास आणि तोल यांचा रिकामा सराव पुरेसा आहे.

नळी आखूड असेल तर?

दोन गोष्टी बदलतात.

पहिली, वेग. नळी आखूड झाली की छऱ्याला मागून ढकलणाऱ्या दाबाला कमी अंतर मिळतं. समजा वेग 140 वर आला. आता 10 मीटरवर छर्रा 17 नव्हे, 25 मिलिमीटर खाली येतो. साईट जुन्याच ठेवल्या तर तो 8 मिलिमीटर खाली लागेल. नेम अचूक, पण दहाऐवजी सात गुण! झिरोचं अंतर तेच राहतं, साईट मात्र पुन्हा जुळवावी लागते. टूल बदललं की ऑफसेट बदलतो, तसंच.

दुसरी, पुढच्या-मागच्या साईटमधलं अंतर. ते 80 सेंटिमीटर असेल आणि माशी 0.1 मिलिमीटर सरकली, तर 10 मीटरवर 1.25 मिलिमीटरचा फरक पडतो. तेच अंतर 50 सेंटिमीटर असेल तर फरक 2 मिलिमीटर. समरूप त्रिकोणांचं यापेक्षा जिवंत उदाहरण शोधून सापडणार नाही. म्हणूनच स्पर्धेच्या अनेक रायफलींना नळीच्या पुढे एक पोकळ जोडनळी बसवतात. तिने वेग वाढत नाही, फक्त माशी पुढे जाते.

आधी गट बघा, मग गुण

हा भाग मुद्दाम पालकांसाठी. पाच छरे एका नाण्याएवढ्या जागेत लागले, पण सगळे डावीकडे खाली, आणि गुण आले सहा-सात. दुसऱ्या मुलाचे छरे चारी दिशांना विखुरलेले, त्यात एखादा दहा. घरी कौतुक कोणाचं होतं? दहावाल्याचं. प्रशिक्षक मात्र पहिल्या मुलावर खूश असतो. त्याचा हात स्थिर आहे, फक्त साईटचे काही क्लिक फिरवायचेत. दुसऱ्याची साईट कितीही फिरवा, उपयोग शून्य. त्याला पवित्रा आणि ट्रिगरवरच मेहनत घ्यावी लागेल. आणि विखुरलेल्या छऱ्यांवरून झिरो तर कधीच करू नये. एका छऱ्यामागे साईट हलवणं म्हणजे वाऱ्यामागे धावणं.

आपल्या वह्या तपासतानाही हेच दोन गट दिसतात. एखादी मुलगी वजाबाकीत प्रत्येक वेळी हातचा तसाच सोडते. दहाची दहा उत्तरं चूक, पण चूक एकच. तिला शून्य देऊन “गणित कच्चं” असा शेरा मारायचा, की दहा मिनिटं जवळ बसवून तेवढी एक गोष्ट दुरुस्त करायची? एअर रायफलच्या स्पर्धेत तयारीसाठी आणि साईट जुळवण्यासाठी आधी 15 मिनिटं मिळतात, आणि त्या वेळेत मारलेले छरे गुणांत धरत नाहीत. आपल्या घटक चाचणीच्या आधी अशी बिनगुणांची एक फेरी ठेवता येईल का, बघा.

वर्गासाठी स्वाध्याय

1. वेग 150 मी/से धरून 10 मीटरवर छर्रा किती खाली येईल ते काढा. (उत्तर: सुमारे 22 मिमी)
2. वेग निम्मा झाला तर खाली येण्याचं अंतर किती पट होईल? कारण लिहा. (उत्तर: चौपट)
3. व्हर्नियर कॅलिपरची शून्य त्रुटी आणि रायफलचा झिरो यांत साम्य काय आणि फरक काय? घरी कोणी कारखान्यात असेल तर आधी त्यांना विचारा, मग लिहा.