उभ्या ट्रॅक्टरची निगा

खरिपाची पेरणी आटोपली की अनेक ठिकाणी ट्रॅक्टर छपरात लावला जातो, तो रब्बीच्या तयारीलाच बाहेर निघतो. चालला नाही म्हणजे झिजला नाही, असा समज आहे. परंतु पावसाळ्यातील दमट हवेत उभ्या ट्रॅक्टरमध्येही बिघाड होत राहतो आणि तो ऐन वाफशावर उघड होतो.

सर्वाधिक नुकसान इंधन-यंत्रणेचे होते. टाकी अर्धी रिकामी असल्यास आतील बाष्प रात्री थंड पत्र्यावर जमते व पाणी तळाशी बसते. पाणी व डिझेल यांच्या मधल्या थरात जिवाणू व बुरशी वाढून चिकट गाळ होतो, फिल्टर चोंदतो. जुना यांत्रिक पंप हे काही अंशी सोसत असे. १ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीवरील नव्या ट्रॅक्टरांना 'ट्रेम-४' निकष लागू झाले. अशा ट्रॅक्टरमध्ये साधारणतः इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाची कॉमन रेल पद्धत असते. तिच्या इंजेक्टरमधील फटी मायक्रॉनमध्ये मोजतात. तेथे गंजाचा कणही पुरतो आणि गावातील मेस्त्रीला असा इंजेक्टर सहसा दुरुस्त करता येत नाही. म्हणून टाकी भरून ठेवावी व सुरू करण्यापूर्वी फिल्टरखालील पाणी काढावे.

आठवड्यातून पाच मिनिटे इंजिन सुरू करून बंद करण्याची पद्धत मात्र सोडावी. एवढ्यात ऑइल तापत नाही, ज्वलनातून झालेले पाणी त्यातच राहते आणि सेल्फने घेतलेली वीज बॅटरीत पुरती परत येत नाही. त्याऐवजी पंधरा दिवसांनी अर्धा तास ट्रॉली ओढून घ्यावी. ते जमणार नसेल तर सुरूच करू नये. चावी बंद केल्यावर काही मिनिटांनी बॅटरीची ऋण तार सोडून ठेवावी.

क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते, मग गिअर पडत नाही. यासाठी पेडल दाबून लाकडी ठोकळ्याने अडकवावे. उंदरांचा बंदोबस्त तर हवाच. एका सेन्सरची तार कुरतडली तरी नवे इंजिन अडू शकते. छपरात भुसा किंवा बियाणे ठेवू नये.

तास भरले नाहीत म्हणून दोन-दोन वर्षे ऑइल न बदलणेही चुकीचे आहे. पुस्तिकेत तासांबरोबर महिन्यांची मुदत दिलेली असते. जी आधी संपेल ती पाळावी.

रब्बी ज्वारीची पेरणी १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर या काळात करावयाची असते. त्याआधी आठवडाभर ट्रॅक्टर एकदा ओझ्याखाली चालवून पाहावा, म्हणजे दुरुस्तीला वेळ हाती राहतो.